सूक्ष्मवित्त आणि कुटुंबाचे कल्याण : हैदराबाद प्रयोगाचे चिकित्सक अवलोकन

सारांश

लहान रकमेच्या विनातारण कर्जामुळे गरीब कुटुंबाचे जीवनमान सुधारते काय, हा विकासाच्या अर्थशास्त्रातील गेल्या चार दशकांचा वादविषय आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, रेचल ग्लेनर्स्टर आणि सिंथिया किनन यांनी हैदराबाद शहरातील १०४ वस्त्यांमध्ये केलेला प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि या वादाला निर्णायक वळण मिळाले. प्रस्तुत लेखात या अभ्यासाची मांडणी, त्याचे सामर्थ्य आणि त्याच्या मर्यादा यांची चिकित्सा केली आहे. सूक्ष्मवित्ताचा ‘चमत्कार’ या अभ्यासाने योग्य रीतीने नाकारला. तथापि ‘परिणाम नाही’ असा जो अर्थ त्यातून सर्रास काढला जातो तो अभ्यासाच्या मांडणीला धरून नाही, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : सूक्ष्मवित्त, कुटुंबकल्याण, दारिद्र्य, संयुक्त दायित्व गट, स्वयंसहायता बचत गट, यादृच्छिक प्रयोग.

प्रस्तावना

१९७६ साली बांगलादेशातील चितगाव विद्यापीठाजवळच्या जोब्रा या खेड्यात अर्थशास्त्राचे प्राध्यापक मुहम्मद युनूस यांनी ४२ गरीब ग्रामस्थांना मिळून ८५६ टका इतकी रक्कम स्वतःच्या खिशातून दिली. या छोट्या घटनेतून १९८३ मध्ये ग्रामीण बँक उभी राहिली आणि २००६ मध्ये युनूस व ग्रामीण बँक यांना शांततेचे नोबेल पारितोषिक संयुक्तपणे देण्यात आले. गरिबाला पत नसते हा बँकांचा समज खोटा आहे, त्याला भांडवल मिळाले तर तो स्वतःच्या कष्टाने दारिद्र्यातून बाहेर पडेल, ही या विचाराची मध्यवर्ती धारणा होती. अनुदानावाचून, सरकारी यंत्रणेवाचून आणि जमिनीच्या फेरवाटपावाचून गरिबी हटविण्याचा मार्ग सापडला, असा विश्वास त्यातून देणगीदार संस्था, बँका आणि शासने या सर्वांना वाटू लागला.

या विश्वासाला आकडेवारीचा आधार मिळाला तो मार्क पिट आणि शाहिदूर खांडकर यांच्या १९९८ च्या शोधनिबंधामुळे. बांगलादेशातील कुटुंबांच्या १९९१-९२ च्या पाहणीवरून त्यांनी असे मांडले की, स्त्रीला दिलेल्या प्रत्येक १०० टका कर्जामागे कुटुंबाचा वार्षिक उपभोगखर्च १८ टक्यांनी वाढतो, तर पुरुषाला दिलेल्या कर्जामागे ही वाढ ११ टक्यांची असते. हा ‘अठरा टक्यांचा’ निष्कर्ष पुढे अनेक अहवालांत आणि भाषणांत सिद्ध सत्याप्रमाणे वापरला गेला. मात्र जोनाथन मॉर्डक यांनी त्याच सुमारास या पद्धतीवर आक्षेप घेतले. पुढे डेव्हिड रूडमन आणि मॉर्डक यांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासून त्यातून कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही, असे दाखवून दिले. कर्ज घेणारी कुटुंबे मुळातच अधिक धडपडी असतील, तर त्यांची प्रगती कर्जामुळे झाली की धडपडीमुळे, हे साध्या पाहणीतून उलगडत नाही. या अडचणीवरचा उपाय म्हणून यादृच्छिक प्रयोगाची पद्धती पुढे आली. हैदराबादचा अभ्यास या पद्धतीचा सूक्ष्मवित्ताच्या क्षेत्रातील सर्वांत चर्चित नमुना होय. बॅनर्जी आणि डुफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाल्यामुळे या अभ्यासाचे वजन आणखी वाढले. म्हणूनच त्याची चिकित्सा आवश्यक ठरते.

प्रयोगाची मांडणी

हैदराबादेत विस्तार करू पाहणाऱ्या ‘स्पंदना’ या सूक्ष्मवित्त संस्थेच्या सहकार्याने हा प्रयोग झाला. निवडलेल्या १०४ वस्त्यांपैकी चिठ्ठी काढावी त्याप्रमाणे ५२ वस्त्यांत संस्थेने २००६-०७ मध्ये शाखा उघडल्या. उर्वरित ५२ वस्त्यांत त्या काळात उघडल्या नाहीत. कर्ज सहा ते दहा स्त्रियांच्या गटाला संयुक्त दायित्वावर मिळत असे. पहिले कर्ज १०,००० रुपयांचे, परतफेड ५० आठवड्यांत, व्याज सरळ पद्धतीने १२ टक्के. मुद्दल दर आठवड्याला कमी होत जात असल्याने प्रत्यक्ष वार्षिक दर सुमारे २४ टक्के पडत असे. म्हणजे व्याजासह दर आठवड्याला सुमारे सव्वादोनशे रुपयांचा हप्ता गटाच्या बैठकीत भरावा लागे. कर्ज व्यवसायासाठीच वापरले पाहिजे, अशी अट संस्थेने घातली नव्हती.

शाखा उघडल्यानंतर पंधरा ते अठरा महिन्यांनी पहिली आणि त्यानंतर दोन वर्षांनी दुसरी पाहणी करण्यात आली. पहिल्या पाहणीचे मुख्य निष्कर्ष असे होते : व्यवसायातील गुंतवणूक वाढली. आधीपासून चालू असलेल्या व्यवसायांचा नफा वाढला, परंतु ही वाढ प्रामुख्याने वरच्या थरातील व्यवसायांपुरती होती. नव्याने सुरू झालेले व्यवसाय लहान आणि अल्प नफ्याचे होते. टिकाऊ वस्तूंवरील खर्च वाढला, ‘मोहवस्तूं’वरील खर्च घटला. एकूण उपभोगखर्चात मात्र लक्षणीय वाढ आढळली नाही. आरोग्य, शिक्षण आणि स्त्रियांचे सक्षमीकरण या बाबतींतही उल्लेखनीय फरक दिसला नाही. दुसऱ्या पाहणीपर्यंत नियंत्रण वस्त्यांतही स्पंदनाचे कर्ज उपलब्ध झाले होते आणि दोन्ही प्रकारच्या वस्त्यांत फारसा फरक उरला नव्हता.

शोधनिबंधाचे शीर्षक ‘सूक्ष्मवित्ताचा चमत्कार?’ असे प्रश्नार्थक आहे. बोस्निया-हर्झेगोविना, इथिओपिया, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को येथील पाच अभ्यास त्याच अंकात प्रसिद्ध झाले. परिणाम माफक प्रमाणात अनुकूल, परंतु जीवन पालटून टाकणारे नाहीत, असाच या सहा अभ्यासांचा एकत्रित सूर होता.

अभ्यासाचे सामर्थ्य

या अभ्यासाचे पहिले श्रेय असे की, त्याने ‘यशोगाथां’वर उभा असलेला प्रचार शास्त्रीय कसोटीवर तपासला. शिलाई यंत्र घेऊन वर आलेल्या एका स्त्रीची कथा सांगताना त्याच वस्तीतील न फळलेल्या दहा व्यवसायांची नोंद कोणी करीत नाही. प्रयोगाने ती नोंद अनिवार्य केली.

दुसरे श्रेय असे की, प्रत्येक गरीब माणूस हा सुप्त उद्योजक असतो ही रम्य कल्पना त्याने मोडीत काढली. कर्ज दारात आले तरी पात्र कुटुंबांपैकी बहुसंख्यांनी ते घेतलेच नाही. पहिल्या पाहणीच्या वेळी प्रयोगवस्त्यांत सूक्ष्मवित्त संस्थांचे कर्ज असलेल्या कुटुंबांचे प्रमाण सुमारे २७ टक्के होते. ज्याला नियमित मजुरी किंवा नोकरी मिळते तो किराणा दुकान टाकण्याचा धोका सहसा पत्करीत नाही. गरिबाची ही विवेकी निवड समजून घेण्याऐवजी तिला ‘आर्थिक निरक्षरता’ म्हणणाऱ्यांना या आकड्याने उत्तर दिले.

हे श्रेय मान्य करूनही अभ्यासाच्या अर्थनिर्णयनाविषयी काही मूलभूत प्रश्न उपस्थित होतात. त्यांचा विचार पुढे क्रमाने केला आहे.

चिकित्सा

१. तुलना कोणाची कोणाशी?

सामान्य वाचकाच्या मनात या प्रयोगाचे चित्र ‘कर्ज मिळालेली कुटुंबे’ आणि ‘कर्ज न मिळालेली कुटुंबे’ असे असते. प्रत्यक्षात तसे नव्हते. स्पंदना नसलेल्या वस्त्यांतही इतर सूक्ष्मवित्त संस्था पोहोचल्या होत्या. तेथे अशा कर्जाचे प्रमाण सुमारे १८ टक्के होते. म्हणजे दोन प्रकारच्या वस्त्यांतील फरक जेमतेम आठ-नऊ टक्के कुटुंबांचा होता. या फरकामुळे कर्ज घेणाऱ्या एका कुटुंबाचा खर्च दरमहा १०० रुपयांनी वाढला असे मानले, तरी वस्तीच्या सरासरीत तो आठ-नऊ रुपयांनीच वाढलेला दिसेल. एवढा लहान फरक पाहणीतील नैसर्गिक चढउतारांत सहज बुडून जाऊ शकतो. ‘परिणाम आढळला नाही’ आणि ‘परिणाम नाही’ ही दोन भिन्न विधाने आहेत. अभ्यासकांनी स्वतः पहिले विधान केले, प्रसारमाध्यमांनी आणि धोरणचर्चांनी दुसरे उचलले.

याहून महत्त्वाची बाब वेगळीच आहे. नियंत्रण वस्त्यांतील बहुसंख्य कुटुंबांवर कोणते ना कोणते कर्ज होतेच. कोणी सावकाराकडून घेतलेले, कोणी नातलगाकडून, कोणी दुकानदाराच्या उधारीचे. स्पंदना आलेल्या वस्त्यांत या अनौपचारिक कर्जाचे प्रमाण काहीसे घटले आणि कर्जबाजारी कुटुंबांचे एकूण प्रमाण जवळपास तेवढेच राहिले. तेव्हा प्रयोगाने तपासला तो प्रश्न ‘कर्ज असावे की नसावे’ हा नव्हता. एका प्रकारच्या कर्जाच्या जागी दुसऱ्या प्रकारचे कर्ज आल्याने काय होते, हा होता. समजा, सावकाराचे दहा हजार रुपये शेकडा दरमहा तीन रुपये दराने घेतलेले असतील, तर वर्षाचे व्याज ३,६०० रुपये होते. संस्थेच्या कर्जावर ते १,२०० रुपये होते. ही बचत कुटुंबाच्या दृष्टीने क्षुल्लक नाही. पण ती ‘दारिद्र्यातून सुटका’ही नव्हे. सूक्ष्मवित्ताचा लाभ या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी आहे आणि ‘चमत्कार की फोल’ अशा द्वंद्वात तो हरवून जातो.

२. सरासरीच्या आड लपलेली कुटुंबे

शून्याजवळची सरासरी दोन प्रकारे येते. कोणाच्याच आयुष्यात काही घडत नाही तेव्हा ती येते, त्याचप्रमाणे काहींचे बरे आणि काहींचे वाईट होते तेव्हाही येते. दारिद्र्याच्या अभ्यासात हा भेद जीवनमरणाचा आहे. याच गटातील अभ्यासकांनी एमिली ब्रेझा यांच्यासह २०१९ मध्ये मांडलेल्या पुढील कामात हैदराबादच्या कुटुंबांकडे पुन्हा पाहिले. सूक्ष्मवित्त येण्यापूर्वीच ज्यांचा व्यवसाय होता अशा कुटुंबांना दीर्घकाळ टिकणारा लाभ झाल्याचे, तर इतरांना तो न झाल्याचे त्यात दिसून आले. रेचल मीगर यांनी सात देशांतील अभ्यास एकत्र करून २०२२ मध्ये केलेले विश्लेषणही याच दिशेने जाते. खालच्या व मधल्या थरांत परिणाम जवळपास शून्य आणि वरच्या टोकाला, विशेषतः व्यवसायाचा पूर्वानुभव असणाऱ्यांत, मोठा परंतु अनिश्चित लाभ, असे त्याचे स्वरूप आहे.

यातून निघणारा धोरणात्मक अर्थ गंभीर आहे. ज्याच्या नावाने ही चळवळ उभी राहिली तो अतिगरीब मनुष्य तिचा मुख्य लाभार्थी नाही. लाभ होतो तो थोडेबहुत भांडवल, कौशल्य आणि बाजारातील ओळख असलेल्यास. हैदराबादेत स्थलांतरित बांधकाम मजुरांचे प्रमाण अधिक असलेल्या वस्त्या संस्थेने मुळातच वगळल्या होत्या, कारण वारंवार जागा बदलणारा ऋणको संस्थेला परवडत नाही. म्हणजे शहरातील सर्वांत अस्थिर थर प्रयोगाच्या चौकटीतच आला नाही. याउलट ब्रॅक या बांगलादेशी संस्थेने २००२ पासून अतिगरिबांसाठी राबविलेल्या कार्यक्रमात कर्जाऐवजी प्रथम जनावरे किंवा अन्य उत्पादक साधन विनामूल्य दिले जाते, काही काळ निर्वाहखर्च, प्रशिक्षण आणि नियमित भेटी यांची जोड दिली जाते. भारतासह सहा देशांत या पद्धतीची पारख झाली आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कार्यक्रम संपल्यानंतर वर्षभरानेही उपभोग आणि मालमत्ता यांतील वाढ टिकून होती. ज्याच्यापाशी काहीच नाही त्याला ऋणापेक्षा दान अधिक उत्पादक ठरते, हा निष्कर्ष सूक्ष्मवित्ताच्या मूळ तत्त्वज्ञानाला छेद देणारा आहे.

३. कल्याणाची मोजपट्टी

हैदराबाद अभ्यासातील ‘मोहवस्तू’ या वर्गात दारू, तंबाखू, पानविडा, जुगार यांच्या बरोबरीने घराबाहेरील खाणेपिणेही मोडते. दिवसभर हमाली करणाऱ्या माणसाचा टपरीवरचा चहा हा मोह की श्रमाची गरज, याचा निर्णय आकडेवारी करू शकत नाही. हा खर्च घटला याचा अर्थ कुटुंबाने स्वेच्छेने शिस्त लावून घेतली असाही होऊ शकतो, किंवा हप्त्याच्या दिवसासाठी पोटाला चिमटा घेतला असाही होऊ शकतो. एकाच आकड्याचे हे दोन अर्थ परस्परविरोधी आहेत आणि त्यांपैकी पहिल्याकडे अभ्यासाचा कल झुकलेला आहे.

स्त्रियांच्या प्रश्नात ही मर्यादा अधिक ठळक होते. प्रयोगाचा घटक ‘कुटुंब’ आहे, कर्ज मात्र स्त्रीच्या नावे आहे. अ‍ॅन मेरी गोएट्झ आणि रीना सेनगुप्ता यांनी बांगलादेशाविषयी १९९६ मध्येच दाखवून दिले होते की, स्त्रीच्या नावावरील बहुसंख्य कर्जांवर तिचे पूर्ण नियंत्रण नसते. पैसा नवरा किंवा घरातील अन्य पुरुष वापरतो, परतफेडीची जबाबदारी मात्र तिच्यावर राहते. त्याच वर्षी सय्यद हाशमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच देशाविषयी, कर्जकार्यक्रमातील सहभागामुळे स्त्रियांचे घरातील स्थान सुधारते, असा वेगळा निष्कर्ष मांडला. दोन्ही निरीक्षणे एकाच वेळी खरी असू शकतात. बँकेचे पैसे आणणारी म्हणून तिचे वजन वाढते आणि हप्ता थकला की चारचौघांत तिचीच मानहानी होते. लामिया करीम यांनी २०११ च्या आपल्या ग्रंथात बांगलादेशातील वसुलीच्या व्यवहाराला ‘लाजेचे अर्थशास्त्र’ अशा अर्थाची संज्ञा वापरली आहे. ग्रामीण समाजात कुटुंबाची अब्रू स्त्रीच्या वर्तनाशी बांधलेली असते आणि तीच अब्रू कर्जाचे अदृश्य तारण बनते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. ‘विनातारण’ कर्जाला खरोखर तारण नसते काय, हा प्रश्न प्रश्नावलीतील सक्षमीकरण निर्देशांकात बसत नाही. तो बसत नाही म्हणून तो अस्तित्वात नाही, असे मात्र म्हणता येत नाही.

४. रक्कम नव्हे, वेळापत्रक

गरीब कुटुंबाची अडचण केवळ उत्पन्न कमी असण्याची नसते. ते अनियमित असण्याची असते. डॅरिल कॉलिन्स, जोनाथन मॉर्डक, स्टुअर्ट रदरफोर्ड आणि ऑर्लँडा रथवेन यांनी बांगलादेश, भारत आणि दक्षिण आफ्रिका येथील अडीचशेहून अधिक कुटुंबांच्या वर्षभराच्या आर्थिक रोजनिशी नोंदवून २००९ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. कुटुंब कितीही गरीब असले तरी ते हातउसने, भिशी, उधारी, शेजाऱ्याकडे ठेवायला दिलेले पैसे अशी अनेक साधने एकाच वेळी हाताळत असते, हे त्यातून स्पष्ट झाले. या दृष्टीने पाहता लहान कर्जाचे खरे काम म्हणजे विखुरलेल्या चिल्लर रकमांची एक ठोक रक्कम करणे. शाळेची फी, आजारपण, पत्रे बदलणे, लग्नकार्य यांसाठी ती लागते. हे काम उपयुक्त आहे, पण त्याने उत्पन्न वाढत नाही. उपभोगखर्चाच्या वार्षिक आकड्यात ते दिसणारही नाही.

मात्र त्यासाठी हप्त्याचे वेळापत्रक कुटुंबाच्या रोकडप्रवाहाशी जुळले पाहिजे. कर्ज मिळाल्यानंतर थोड्याच दिवसांत साप्ताहिक हप्ता सुरू होत असेल, तर त्या पैशातून म्हैस, शिलाई यंत्र किंवा हंगामी माल यांत गुंतवणूक करणे कठीण होते. रोज गल्ला येणारा धंदाच तेथे टिकतो. एरिका फील्ड, रोहिणी पांडे आणि सहकारी यांनी कोलकात्यात केलेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात काही ऋणकोंना पहिला हप्ता भरण्यापूर्वी दोन महिन्यांची मुदत दिली. त्यांची व्यवसायातील गुंतवणूक आणि दीर्घकालीन नफा वाढला. त्याचबरोबर थकबाकीही वाढली. म्हणजेच संस्थेला हवी असलेली शंभर टक्के वसुली आणि कुटुंबाला हवी असलेली उत्पादक गुंतवणूक यांत अंतर्विरोध आहे. हैदराबाद प्रयोगाने तपासले ते ‘सूक्ष्मवित्त’ नव्हते, तर साप्ताहिक हप्त्याचे एक विशिष्ट सूक्ष्मवित्त होते. त्याच्या निष्कर्षाला सर्व लहान कर्जांचा निष्कर्ष मानणे तर्काला धरून नाही.

५. वस्तीच्या सीमेबाहेर

दुसऱ्या पाहणीनंतर अल्पावधीतच त्याच राज्यात सूक्ष्मवित्ताचे मोठे संकट उद्भवले. एकाच कुटुंबाला अनेक संस्थांनी दिलेली कर्जे, वसुलीतील जबरदस्तीच्या तक्रारी आणि ऋणकोंच्या आत्महत्यांच्या बातम्या या पार्श्वभूमीवर आंध्र प्रदेश शासनाने ऑक्टोबर २०१० मध्ये अध्यादेश काढला. त्यानंतर राज्यातील वसुली जवळजवळ ठप्प झाली. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या मालेगाम समितीने जानेवारी २०११ मध्ये अहवाल दिला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सूक्ष्मवित्त कंपन्यांसाठी स्वतंत्र नियमावली आली.

या संकटाचाच उपयोग करून ब्रेझा आणि किनन यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास हैदराबादच्या निष्कर्षांशेजारी ठेवून वाचण्याजोगा आहे. आंध्रात पैसा अडकलेल्या संस्थांना इतर राज्यांतही कर्जवाटप आखडते घ्यावे लागले. अशा संस्थांवर अधिक अवलंबून असलेल्या जिल्ह्यांत रोजंदारीचे दर, कुटुंबाची मजुरीची कमाई आणि उपभोग घटल्याचे त्यांना आढळले. कर्ज देणे सुरू केल्याने फारसे काही झाले नाही, मग ते बंद केल्याने हानी कशी झाली? उत्तर मोजमापाच्या चौकटीत आहे. कर्ज घेऊन धंदा वाढविणारा दुकानदार हाताखाली एखादा मजूर ठेवतो. त्या मजुराने कर्ज घेतलेले नसते आणि तो त्याच वस्तीत राहत असेल असेही नाही. एकाच शहरातील शेजारशेजारच्या वस्त्यांची तुलना केली, तर मजुरीच्या बाजारातून होणारा हा परिणाम दोन्हीकडे सारखाच पसरतो आणि वजाबाकीत नाहीसा होतो. जिल्ह्यांची तुलना केली तर तो दिसतो. म्हणून ‘कुटुंबावर परिणाम नाही’ हा निष्कर्ष ‘समाजावर परिणाम नाही’ असा वाढविता येत नाही. त्याचबरोबर, ज्या पतपुरवठ्याच्या आटण्याने मजुराची चूल मंदावते तो पतपुरवठा बेफाम वाढू देणे किती धोक्याचे आहे, हेही यातून कळते.

महाराष्ट्राच्या संदर्भात

कर्जाची रक्कम नव्हे तर त्याचे स्वरूप निर्णायक असते, हा धडा महाराष्ट्राला नवा नाही. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सुरू झालेल्या दख्खनच्या उठावात शेतकऱ्यांचा रोख कर्जरोखे हस्तगत करून नष्ट करण्यावर होता. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. विसाव्या शतकात सहकारी पतपुरवठ्याची परंपरा येथे रुजली. नाबार्डने १९९२ मध्ये ५०० गटांपासून सुरू केलेला बचत गट-बँक जोडणीचा कार्यक्रम आणि १९७५ मध्ये स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ यांच्यामुळे गावोगावी बचत गटांचे जाळे पसरले. बचत गट आणि हैदराबादेतील संयुक्त दायित्व गट हे बाहेरून सारखे दिसले तरी त्यांची रचना भिन्न आहे. बचत गटात प्रथम बचत, मग अंतर्गत कर्ज असा क्रम असतो, हप्ता बहुधा मासिक असतो आणि अंतर्गत कर्जावरील व्याज गटाच्याच निधीत जमा होते. अडचणीच्या महिन्यात सवलत द्यावी की नाही, हे सभासद स्त्रिया ठरवितात. संयुक्त दायित्व गटात हे निर्णय बाहेरची संस्था करते. हैदराबादच्या निष्कर्षांच्या आधारे बचत गटांना निरुपयोगी ठरविणे जसे चूक, तसेच बचत गटांच्या नावलौकिकावर खासगी सूक्ष्मवित्त कंपन्यांनी मिरविणेही चूक होय.

आज दोन्ही प्रकारची कर्जे एकाच घरात आढळतात, हा चिंतेचा विषय आहे. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ च्या निर्देशांनुसार व्याजदरावरील कमाल मर्यादा काढून टाकली. वार्षिक तीन लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाच्या विनातारण कर्जाला सूक्ष्मवित्त ठरविले आणि सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपेक्षा अधिक नसावेत, असे बंधन घातले. बंधन स्वागतार्ह आहे, पण त्याचे गणित तपासले पाहिजे. महिना २५,००० रुपये उत्पन्न असलेल्या कुटुंबाने १२,५०० रुपये हप्त्यांत द्यावेत, हे या मर्यादेत बसते. उरलेल्या रकमेत घरभाडे, अन्न, औषध आणि शिक्षण भागवावयाचे. शिवाय ‘कुटुंब’ म्हणजे पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुले अशी व्याख्या आहे. एका चुलीवर जेवणाऱ्या घरात सासू आणि सून यांची कर्जे त्यामुळे दोन वेगळ्या कुटुंबांची गणली जातात. कागदावर दोन्ही मर्यादेत असतात, चुलीवर मात्र भार एकत्र पडतो.

निष्कर्ष

१) हैदराबाद प्रयोगाने सूक्ष्मवित्ताविषयीचा अतिरंजित दावा खोडून काढला, हे त्याचे कार्य मोलाचे आहे. मात्र त्याचा निष्कर्ष विशिष्ट काळातील, विशिष्ट शहरातील आणि विशिष्ट हप्तापद्धतीच्या कर्जापुरता आहे.

२) लहान कर्ज हे प्रामुख्याने महाग कर्जाला पर्याय आणि रोकड-व्यवस्थापनाचे साधन आहे. ते दारिद्र्यनिर्मूलनाचा कार्यक्रम नव्हे. त्याला रोजगार हमी, रेशन, सार्वजनिक आरोग्यसेवा आणि शिक्षण यांचा पर्याय मानणे अनुचित होय.

३) व्यवसायाचा पूर्वानुभव असलेल्यांना कर्ज आणि अतिगरिबांना प्रथम साधनसामग्री व आधार, असा भेद धोरणात हवा.

४) हप्त्याचे वेळापत्रक हंगाम व व्यवसाय यांना अनुसरून लवचीक असावे. काही थकबाकी हा अपयशाचा नव्हे, तर गुंतवणुकीतील जोखमीचा भाग मानावा.

५) कल्याणाच्या मोजमापात खर्चाच्या आकड्यांबरोबर स्त्रीवरील वसुलीचा ताण, कर्जावरील तिचे प्रत्यक्ष नियंत्रण आणि एका चुलीवरील एकूण ऋणभार यांचा समावेश करावा.

समारोप

गरिबाला पत आहे हे सूक्ष्मवित्ताने सिद्ध केले आणि पत म्हणजे संपत्ती नव्हे हे त्यावरील संशोधनाने सिद्ध केले. या दोन्ही गोष्टी एकत्र ध्यानात घेतल्या, तर लहान कर्जाचे यथार्थ मूल्यमापन होऊ शकते. ऋणको स्त्रीने प्रत्येक हप्ता वेळेवर भरला, ही नोंद संस्थेच्या ताळेबंदात यश म्हणून होते. तो हप्ता धंद्याच्या नफ्यातून आला, दुसऱ्या कर्जातून आला की ताटातील भाकरीतून, हे ताळेबंदात लिहिलेले नसते. त्याचा शोध घेणे हे यापुढील संशोधनाचे कर्तव्य आहे.